जिवाणूंची आगोट

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या आजींच्या नातवाला जुलाब लागले. डॉक्टरांनी ओआरएसबरोबर प्रोबायोटिकच्या पुड्या लिहून दिल्या. आजींनी चुलीवरची पेज उतरवली, वाडग्यात ओतली, मिठाची चिमूट टाकली आणि पुडी फोडता फोडता मध्येच थांबून मला विचारलं, "अगो, तू कॉलेजात जंतूंचंच शिकवतेस ना? डॉक्टर म्हणाले ह्यात जिवंत जंतू आहेत. मग ह्या वाफाळत्या पेजेत ते जगतील कसे?"

"पेज कोमट होऊ द्या आजी, मग घाला," मी म्हटलं. तेवढ्यापुरतं काम झालं. पण तो प्रश्न मी दुसऱ्या दिवशी वर्गात नेला, कारण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. प्रोबायोटिकच्या काही पावडरी कारखान्यात दीडशे-दोनशे अंश तापलेल्या हवेच्या झोतात सुकवून तयार होतात. पेजेत मरणारे जिवाणू त्या झोतातून जिवंत बाहेर कसे येतात? याच्या उत्तराचा मोठा भाग त्यांनी वाढताना काय खाल्लं होतं, यात आहे.

आपल्याकडे हे समजावणं सोपं जातं, कारण आपण आगोट जाणतो. मे महिन्याच्या शेवटी हर्णै-दाभोळकडची घरं कशी गजबजतात! सुके बोंबील, सोडे, जवळा डब्यात भरायचे, कांद्याच्या माळा आढ्याला टांगायच्या, आमसुलं मुरवायची, लाकूडफाटा पडवीत रचायचा. पाऊस सुरू झाल्यावर ही धावपळ करून उपयोग नसतो. जिवाणूचंही तसंच आहे. उष्णता अंगावर आली की खरेदीला वेळ उरत नाही. वाढीच्या काळात पेशीत जे साठलं, त्यावरच निभवायचं.

आधी उष्णता नेमकं काय करते ते पाहू. विरजण लावणाऱ्या प्रत्येक बाईला याचा अर्धा भाग ठाऊक असतो. दूध बोटाला सोसेल इतकं कोमट, म्हणजे साधारण ४० ते ४५ अंश असेल, तर दही छान लागतं. घाईत कढत दुधात विरजण घातलं, तर सकाळी भांड्यात दूधच असतं. ६० अंशांच्या वर दह्याचे बहुतेक जिवाणू काही मिनिटांत मरायला लागतात.

मरतात म्हणजे काय होतं? पहिली गोष्ट प्रथिनांची. प्रथिन म्हणजे नीट घडी घातलेला लांब धागा. घडी योग्य असेल तोवर ते काम करतं. तापलं की घडी सुटते, सुटलेले धागे एकमेकांत गुंततात आणि गोळा होतो. अंड्याचा पांढरा बलक तव्यावर घट्ट होतो, तेच पेशीच्या आत होतं. दुसरी गोष्ट रायबोसोमची. नवी प्रथिनं बांधणारे हे कारखाने दोन तुकडे जोडून बनलेले असतात आणि ही जोडी टिकवायला मॅग्नेशियम लागतं. ताप वाढला की तुकडे सुटे होतात, आणि मग दुरुस्ती करणारी प्रथिनं बनवायलाही कोणी उरत नाही.

तिसरी गोष्ट पेशीच्या पडद्याची. तो स्निग्ध पदार्थांचा असतो. डिसेंबरच्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली थिजते आणि शेजारचं शेंगदाण्याचं तेल मात्र वाहतं, हे आपण पाहतो. खोबरेलातल्या स्निग्धाम्लांच्या साखळ्या सरळ असतात, त्या दाटीवाटीने बसतात. शेंगदाणा तेलातल्या बऱ्याच साखळ्यांना बाक असतो, त्यामुळे त्या सैल राहतात. जिवाणूच्या पडद्यातही दोन्ही प्रकारच्या साखळ्या असतात आणि त्यांचं प्रमाण जमलं तरच पडदा धड राहतो. फार तापला तर तो पातळ होऊन आतलं पोटॅशियम, खनिजं, रेणू बाहेर झिरपू लागतात.

मरण्याचा हिशेबही समजून घेऊ, कारण पोषणाने झालेला फायदा त्या हिशेबातच दिसतो. एका ठरावीक तापमानाला जिवाणू एकदम मरत नाहीत. दर ठरावीक वेळेला दहातले नऊ मरतात, एक उरतो. समजा, पुडीत १०० कोटी जिवाणू आहेत आणि एका तापमानाला ही वेळ १ मिनिट आहे. चार मिनिटांनी उरतील १ लाख. आता चांगलं पोसल्यामुळे तीच वेळ १ ऐवजी २ मिनिटं झाली असं धरा. तेवढ्याच चार मिनिटांनी उरतील १ कोटी. सहनशक्ती दुप्पट झाली, पण वाचलेल्यांची संख्या शंभरपट वाढली. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, गणित मात्र खरं आहे. म्हणून खुराकातल्या छोट्याशा बदलासाठी संशोधक वर्षानुवर्षं खपतात.

आता त्या खुराकाकडे येऊ.

लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू, म्हणजे पूर्वी सरसकट लॅक्टोबॅसिलस म्हणायचे ते आणि त्यांचे नातेवाईक, फार लाडावलेले आहेत. (२०२० मध्ये त्या मोठ्या कुळाची फोड करून बरीच नवी नावं दिली गेली, त्यामुळे पुड्यांवर हल्ली लॅक्टिकेसिबॅसिलस, लिमोसिलॅक्टोबॅसिलस अशी नावं दिसतात.) दूध, फळं, प्राण्यांचं आतडं अशा भरल्या घरात पिढ्यान् पिढ्या वाढल्यामुळे कित्येक अमिनो आम्लं आणि ब गटातली जीवनसत्त्वं स्वतः बनवण्याची क्षमता त्यांनी गमावली आहे. ती आयती मिळावी लागतात. म्हणून १९६० मध्ये डी मान, रोगोसा आणि शार्प यांनी त्यांच्यासाठी जे वाढीचं माध्यम तयार केलं, आणि जे आजही प्रत्येक प्रयोगशाळेत एमआरएस या नावाने वापरलं जातं, त्याची यादी एखाद्या सणाच्या स्वयंपाकासारखी आहे. ग्लुकोज, पेप्टोन, मांसाचा अर्क, यीस्टचा अर्क, मॅग्नेशियम, मँगनीज, आणि ट्वीन ८० नावाचा एक तेलकट पदार्थ. यातली एकेक वस्तू कशासाठी आहे ते पाहिलं की बेगमी कळते.

पेप्टोन आणि यीस्टचा अर्क म्हणजे तयार अमिनो आम्लांचा पुरवठा. १९६२ मध्ये इटलीच्या फेरुच्चो रितोसा यांना फळमाशीच्या पेशींत, चुकून तापमान वाढलेल्या पेटीत, एक विलक्षण गोष्ट दिसली. उष्णता लागताच गुणसूत्रांवर ठरावीक जागी फुगवटे येत होते, म्हणजे तिथली जनुकं कामाला लागत होती. त्यातून पुढे उष्णताघात प्रथिनांचा शोध लागला. ही सांभाळकरी प्रथिनं सुटू लागलेली घडी धरून ठेवतात, गुंता होऊ देत नाहीत, जमलं तर पुन्हा घडी घालतात. जिवाणूंत यातली दोन प्रमुख म्हणजे ग्रोईएल आणि डीएनएके. पण तीही प्रथिनंच. ती बनवायला अमिनो आम्लं आणि ऊर्जा लागते. उपाशी पेशीला संकट कळतं, पण हत्यार घडवायला लोखंड नसतं.

हे किती मोलाचं आहे ते आयर्लंडमधल्या एका प्रयोगातून कळतं. २००१ मध्ये तिथल्या संशोधकांनी माणसाच्या आतड्यातून मिळवलेला एक प्रोबायोटिक जिवाणू आधी ५२ अंशांना १५ मिनिटं ठेवला आणि मग ६० अंशांची उष्णता दिली. न तापवलेल्यांच्या तुलनेत हे जिवाणू शेकडो पटींनी जास्त वाचले. आधीचा सौम्य चटका त्यांना तयारीची वर्दी देऊन गेला होता. दापोलीकडच्या रोपवाटिकांत आंब्याची कलमं सावलीतून हळूहळू उन्हात आणतात, एकदम ठेवली तर करपतात. त्यातलाच हा प्रकार. त्याच प्रयोगात थोडं मीठ घालून केलेली तयारीही उपयोगी पडली होती. मीठ आणि उष्णता, या दोन्हींचा संबंध काय?

मला या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, म्हणून जरा थांबते.

खाडीकाठी तिवरं उभी असतात ना, भरतीला गुडघाभर खाऱ्या पाण्यात? खारं पाणी मुळांतलं गोडं पाणी ओढून घेऊ पाहतं. तिवर पेशींत बीटेन नावाचा एक छोटा रेणू भरून घेतं आणि त्या ओढीला तोंड देतं. कोळंबी, तिसऱ्या, कुर्ल्या हेही शरीरात बीटेन साठवतात. ताज्या तिसऱ्यांच्या गोडसर चवीत त्याचा वाटा आहे. लॅक्टिक जिवाणूंना बीटेन फार आवडतं, पण ते सहसा त्यांना स्वतः बनवता येत नाही. यीस्टच्या आणि मांसाच्या अर्कात ते असतं, तिथून ते आत ओढून घेतात. आसपास थोडं मीठ असेल तर ओढण्याचा पंप अधिक जोरात चालतो.

आत साठलेलं बीटेन मिठाशी झुंजतंच, आणि उष्णतेतही कामाला येतं. ते प्रथिनाला चिकटत नाही, उलट अंतर राखून राहतं. प्रथिन उलगडलं तर त्याचा पृष्ठभाग वाढतो, आणि मग बीटेनला न आवडणारी जवळीकही वाढते. त्यामुळे प्रथिनाला घट्ट गुंडाळून राहणंच सोयीचं ठरतं. खारेपणासाठी केलेली बेगमी अशी उन्हाळ्यात उपयोगी पडते. एका संकटाची तयारी दुसऱ्याला कामी येते, याला आमच्या शास्त्रात परस्परसंरक्षण म्हणतात.

मँगनीजचं काम वेगळं. तापलेल्या, हवेशी भिडलेल्या पेशीत ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात. बऱ्याच सजीवांकडे त्यांचा नायनाट करणारं एक विकर (एन्झाइम) असतं. लॅक्टोबॅसिलस प्लांटारमकडे ते नाही. त्याऐवजी तो पेशीत भरपूर मँगनीज साठवतो आणि ते मँगनीजच पहारा देतं. हे १९८१ मध्येच सिद्ध झालेलं आहे. माध्यमात मँगनीज नसेल, तर पहाऱ्यावर कोणी नसतं.

ट्वीन ८० मधून जिवाणूला ओलेइक आम्ल मिळतं, शेंगदाण्याच्या तेलातल्या त्या बाकदार साखळ्यांपैकी मुख्य. लॅक्टिक जिवाणू ते जसंच्या तसं पडद्यात बसवतात आणि त्यातल्या काही साखळ्यांच्या बाकाजवळ एक छोटीशी तीनकोनी कडी घालतात. वय वाढतं, आम्ल वाढतं, तसतशा या कड्या वाढतात आणि पडदा चिवट होतो. गोठवणं आणि आम्ल यांत ओलेइक आम्लाचा फायदा ठळक दिसतो. उष्णतेत मात्र प्रत्येक जातीची गोष्ट निराळी. एका जिवाणूचा खुराक दुसऱ्याला लावून चालत नाही, हे उत्पादकांना पुन्हा पुन्हा शिकावं लागतं.

आता एक गोष्ट, जी विद्यार्थ्यांना हटकून चकवते. भरपूर खायला घाला, आम्ल साचू देऊ नका, जिवाणूला अगदी सुखात ठेवा, म्हणजे तो दणकट होईल, असं वाटतं ना? सुखात तो भराभर वाढतो हे खरं, पण भराभर वाढणारी पेशी नाजूक असते. वाढ थांबून पेशी स्थिरावली की तीच कितीतरी कणखर होते. दह्याच्या लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकसवर केलेल्या कामात असं दिसलं, की आम्लता बाहेरून सांभाळत बसण्यापेक्षा ती आपोआप वाढू दिली, तर ते जिवाणू उष्णता आणि सुकवणं जास्त सोसतात. म्हणून चांगला खुराक म्हणजे नुसता भरपूर नव्हे. सुरुवातीला पोटभर, आणि शेवटी थोडी ओढाताण.

पोषण आणि पांघरूण यांतही गल्लत होते. दुधाची पावडर, लॅक्टोज, ट्रेहलोज हे पदार्थ बऱ्याचदा वाढ झाल्यानंतर, सुकवण्याच्या आधी मिसळतात. ट्रेहलोज ही अळंबीत असणारी साखर. पेशीतलं पाणी निघून जाताना ती पाण्याच्या जागी जाऊन बसते, पडदा आणि प्रथिनं यांना आधार देते, आणि पुढे गोठल्यासारखी होऊन काचेच्या पाकात सगळं जखडून ठेवते. हे बाहेरचं पांघरूण झालं. बीटेन, मँगनीज, पडद्यातले बदल ही आतली बेगमी. दोन्ही लागतात. २०१६ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दोन्ही एकाच भांड्यात साधलं. चक्का टांगल्यावर खाली जे पिवळसर-हिरवट पाणी साचतं, तसंच चीज करताना उरणारं गोडं पाणी त्यांनी खूप दाट करून घेतलं. त्यातच जिवाणू वाढवले आणि वेगळे न काढता त्यातच सुकवले. दाट पाण्याच्या ताणामुळे पेशींनी आतली बेगमी केली, आणि तेच दूधद्रव्य सुकताना वरचं पांघरूण झालं. आपल्याकडे चक्क्याचं पाणी आमटीत जातं किंवा माडाच्या आळ्यात, त्यामुळे हा प्रयोग वाचला तेव्हा मला फार आनंद झाला.

आता त्या दीडशे-दोनशे अंशांच्या झोताकडे. तिथे जिवाणू टिकतात, यात थोडी माठाची करामत आहे. दाट द्रावणाचे बारीक थेंब गरम हवेत उडवले की पाणी झपाट्याने वाफ होतं आणि ती वाफ थेंबातली उष्णता घेऊन जाते. थेंब ओला आहे तोवर तो हवेइतका तापत नाही. (कोकणातल्या दमट हवेत माठ देशावरच्यासारखा गार पडत नाही, कारण वाफ व्हायला हवेत जागाच नसते. तत्त्व तेच.) धोका शेवटी असतो. पाणी संपत आलं, वाफेची गारवा देणारी करामत संपली, की कोरडा कण यंत्राबाहेर पडणाऱ्या हवेइतका तापतो, साधारण ७० ते ९० अंशांपर्यंत. त्या शेवटच्या काही सेकंदांत पेशीला एकाच वेळी उष्णता आणि कोरडेपणा दोन्ही सोसावं लागतं, आणि साठवलेलं सगळं तिथेच खर्ची पडतं.

काही जिवाणूंना मात्र यातलं फारसं काही लागत नाही, कारण ते बीजाणू होऊन झोपतात. बॅसिलस कोॲग्युलन्स, बॅसिलस क्लॉसी ही नावं पुडीवर किंवा औषधाच्या लहान बाटलीवर दिसली, तर आत बीजाणू आहेत असं समजा. बीजाणूच्या गाभ्यात पाणी फार कमी, कॅल्शियम भरपूर, त्यामुळे तो ८० अंशही सहज सोसतो. कोॲग्युलन्सची ओळखच मुळी १९१५ मध्ये अमेरिकेत आटवलेल्या दुधाचे डबे नासवणारा म्हणून झाली. इथेही खुराकाचं महत्त्व आहेच, कारण माध्यमात मँगनीज कमी पडलं तर पेशी नीट बीजाणू बनवत नाहीत.

खाडीकाठच्या कोळंबीच्या तलावांवर असेच बीजाणू करणारे जिवाणू वापरले जातात. कोळंबीचं खाद्य कारखान्यात वाफ देऊन, दाबून गोळ्या करतात, त्यात साधे लॅक्टिक जिवाणू टिकणं कठीण. म्हणून बरेच शेतकरी बीजाणूंची पावडर गार खाद्यावर वरून लावतात, किंवा गूळ आणि भाताचा कोंडा भिजवून त्यात जिवाणू रात्रभर वाढवून तलावात सोडतात. नुसत्या गुळावर ते नीट वाढत नाहीत, कोंडा लागतोच. गूळ मुख्यतः साखर देतो. कोंड्यात प्रथिनं, ब गटातली जीवनसत्त्वं आणि मँगनीज असतं.

घरासाठी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. पुडी पेजेत, भातात, दुधात घालायची तर करंगळीला सुखद लागेल इतकं ते निवू द्या. ताक प्यायचं ते गारच प्या. कढी उकळली की त्यातले जिवाणू जिवंत राहत नाहीत, चव आणि आम्ल राहतं. आणि बाळ मुदतीआधी जन्मलेलं असेल, किंवा घरात कोणाची प्रतिकारशक्ती फार खालावली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जिवंत जिवाणूंची पुडी देऊ नका.

पावसाळ्यात आणखी एक जपा. आपल्याकडे जुलैमध्ये मिठाला पाणी सुटतं, गूळ पाझरतो. फोडलेल्या पुडीतल्या साखरेचंही तसंच होतं. काचेसारखं घट्ट पांघरूण ओल शोषून चिकट होतं, जखडलेल्या पेशींची झीज पुन्हा सुरू होते आणि त्या मरू लागतात. ही ओल फार घात करते. अर्धी पुडी उद्यासाठी ठेवू नका.

आजींना मी यातलं बरंच सांगितलं, त्यांच्या भाषेत. त्या मन लावून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे रात्री आंबवलेल्या आंबोळीच्या पिठातले सगळे तव्यावर मरतात?" हो, मरतात. पण मरण्याआधी त्यांनी उडदाची प्रथिनं थोडी फोडून ठेवलेली असतात, आम्ल केलेलं असतं, लोह-जस्ताला धरून बसणारं फायटेट कमी केलेलं असतं. "मग झालं तर," म्हणत त्यांनी उरलेल्या पुड्या चुलीवरच्या फळीवरून काढल्या, बरणीत घातल्या, झाकण घट्ट लावलं आणि बरणी फ्रिजच्या दारात ठेवून दिली.